पहिला रिमोट कोणाकडे?

पत्र

ताई, नमस्कार.

विषय वाचून हसाल. हसून झालं की उत्तर मात्र द्या.

मी ३८ वर्षांचा, सातारचा. घरी बायको आणि दहा वर्षांची मुलगी. माझा एक शाळासोबती आहे, त्याला इथे बाळ्या म्हणतो. चौथीपासून आम्ही एका बाकावर. वडिलांनी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि तेव्हापासून बाळ्या दर रविवारी सकाळी आमच्याकडे पडीक. काँट्रा खेळायचो. आई पोहे आणून ठेवायची, ते गार व्हायचे. धबधब्याच्या स्टेजला बाळ्या हमखास मरायचा आणि आम्ही हसून गडाबडा लोळायचो.

बाळ्या गेली बारा वर्षं टोरंटोत आहे. मधल्या काळात वाढदिवसाचा मेसेज एवढंच उरलं होतं. यंदा मार्चच्या शेवटी अचानक त्याचा फोन, "चल, परत खेळू." त्याने कपहेड नावाचा गेम घेतलाय, दोघांनी मिळून गोळ्या मारायचा. मला काही विकत घ्यावं लागलं नाही. त्याने लिंक पाठवली, मी क्लिक केलं, झालं. दर शनिवारी रात्री साडेआठ, म्हणजे त्याच्याकडे सकाळचे अकरा.

पहिले दोन शनिवार स्वर्ग होता. मग तो चिडायला लागला. एक फूल आहे, गेममधला शत्रू, त्याच्यापाशी आम्ही पाच आठवडे अडकलोय. मी मेलो तर तो मला उठवतो आणि वर ऐकवतो. तो मेला तर मला काही त्याला उठवता येत नाही. "अरे उडी मार म्हटलं की मार ना, मुहूर्त बघतोस का?" हे तर रोजचंच. मागच्या महिन्यात त्याने ऑफिसातल्या एका मित्राला कॉलवर घेतलं आणि माझी ओळख करून दिली, "हा माझा लहानपणचा मित्र, याच्यामुळे आम्ही पहिल्या बेटावरून हलत नाही." दोघं हसले. मीही हसलो. त्या रात्री झोप लागली नाही.

गुपचूप यूट्यूबवर व्हिडिओ बघून सगळं पाठ केलं. तरी शनिवारी हात चालत नाहीत. वय झालं असेल. बायको विचारते, "खेळताय की मार खाताय?" गेले दोन शनिवार मी लाईट गेल्याचं खोटं सांगितलं. खेळ सोडला तर बाळ्याही सुटेल अशी भीती वाटते, आणि नाही सोडला तर त्याच्याबद्दल मनात अढी बसेल. काय करू?

– दुसरा रिमोट, सातारा

उत्तर

दुसरा रिमोट यांस,

हसले नाही. तुमची सही वाचून मात्र थबकले, कारण मीही जन्माची दुसरा रिमोटच. आमच्या घरच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. ज्या जपानी फॅमिकॉमची नक्कल करून हे डबे बनत, त्याच्याही दुसऱ्या रिमोटला ते नव्हतं. म्हणजे तहान लागो, आई हाक मारो, गेम थांबवायचा तर दादाला विनवायचं. दादा म्हणायचा, "एवढं स्टेज होऊ दे." स्टेज व्हायचं, पाणी राहायचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. खेळ सोडू नका, आणि मुकाट्याने ऐकूनही घेऊ नका. पण त्याआधी तुमच्या डोक्यातला एक गैरसमज काढायला हवा. तुमचं वय झालेलं नाही. म्हणजे ते झालंही असेल, माझंही झालंय, पण त्या फुलाशी वयाचा काही संबंध नाही.

"लिंक पाठवली, मी क्लिक केलं, झालं," असं एका दमात उरकलंत ना, सगळी गोम तिथेच आहे.

कपहेड हा २०१७ सालचा गेम. कॅनडातल्या दोघा भावांच्या स्टुडिओने केलेला, १९३० च्या काळातल्या कार्टूनसारखा हाताने चितारलेला, दिसायला लोभस आणि खेळायला महाखडूस. तो एका सोफ्यावर, एका टीव्हीसमोर बसलेल्या दोघांसाठी बनवलाय. दोन गावांतून खेळायची सोय त्या गेममध्ये मुळातच नाही. मग तुम्ही खेळता कसे? गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने २०१९ साली रिमोट प्ले टुगेदर नावाची युक्ती आणली, तिच्या जोरावर. ही युक्ती अशी, की गेम फक्त बाळ्याच्या कॉम्प्युटरवर चालतो. तुमच्या लॅपटॉपवर येतं ते त्याचं थेट प्रक्षेपण, क्रिकेटच्या मॅचचं यावं तसं. तुम्ही ते बघून बटण दाबता, ती बटणाची बातमी टोरंटोला जाते, तिथे तुमचा मगमन (पहिल्या खेळाडूचा कपहेड, दुसऱ्याचा मगमन) उडी मारतो आणि त्या उडीचं चित्र उलट सातारला येतं. गेम बाळ्याच्या घरी चाललाय आणि तुम्ही तो खिडकीतून हात घालून खेळताय.

आता जरा हिशेब. मुंबई ते टोरंटो सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नुसतं जाऊन यायलाच सेकंदाचा आठवा भाग गेला, आणि ही झाली निसर्गाने घालून दिलेली किमान मर्यादा, ती कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही. त्यात केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. त्या मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरतात आणि वळसे घेत, ठिकठिकाणी थांबे घेत जातात. शिवाय त्याच्याकडे चित्र दाबून बारीक करायला वेळ, तुमच्याकडे ते उलगडायला वेळ, घरातल्या वायफायचा आणखी थोडा. सगळं मिळून पाव सेकंद धरून चाला. पाव सेकंद म्हणजे पापणी लवायला लागतो साधारण तेवढा वेळ. पण हा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. तुम्ही पंधरा चित्रं मागे आहात. बाळ्या शून्य.

तुमच्याच पत्रात याचा पुरावा आहे. तो तुम्हाला उठवू शकतो, तुम्ही त्याला उठवू शकत नाही. कपहेडमध्ये एक जण मेला की त्याचं भूत गुलाबी हृदय घेऊन वर वर तरंगत जातं. दुसऱ्याने उडी मारून, हवेत असताना, नेमकं त्याला शिवायच्या क्षणी पुन्हा बटण दाबायचं, तेव्हा मेलेला परत येतो. सगळ्या गेममध्ये अचूक वेळेची अशी जी काही कामं आहेत त्यांत हे आलं. नुसत्या गोळ्या झाडायला पाव सेकंदाने फारसं बिघडत नाही, बटण दाबून धरलं की झालं. पण सरकतं भूत पाव सेकंद उशिरा दिसत असेल आणि दाबलेलं बटणही उशिरा पोचत असेल, तर अर्जुन आणून बसवला तरी त्याला मत्स्यभेद जमायचा नाही.

तुमचं यूट्यूबवरचं पाठांतर वाया का गेलं तेही यातच आलं. दिसलं की दाबायचं, असा ताल तुम्ही पाठ केलात. तुम्हाला लागत होता दिसायच्या आधी दाबायचा ताल. आणि बाळ्याचं ते "उडी मार!" तो ते ओरडतो तेव्हा त्याच्या पडद्यावर वेळ झालेली असते. आवाज तुमच्यापर्यंत यायला वेळ, तुम्ही ऐकून दाबायला वेळ, दाबलेलं परत जायला वेळ. तो तुम्हाला सुटलेल्या गाडीत चढायला सांगत असतो आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे राहून स्वतःला आळशी समजताय.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. कपहेड स्वतः विकत घ्या. सेल लागतात तेव्हा बराच स्वस्त मिळतो, आणि फार तगडा लॅपटॉपही त्याला लागत नाही. एखाद्या रविवारी मुलीला शेजारी बसवा, एकाने कीबोर्ड घ्यायचा, दुसऱ्याने कंट्रोलर. मध्ये केबल नाही, समुद्र नाही. सुरुवात बटाट्याच्या रूपातल्या शत्रूपासून होईल, कारण तुमचा गेम नवा, बाळ्याची पाच आठवड्यांची कमाई त्याच्या कॉम्प्युटरवरच राहिली. तो बटाटा (त्याच्या पाठोपाठ कांदा आणि गाजर येतं, अख्खी मंडई आहे) मारता मारता मुलीचं भूत तुम्हाला चार-पाच वेळा तरी उठवायला मिळेल. हात चालले, तर हातांचा काही दोष नाही. नाही चालले, तर मला परत लिहा, मग वयाचं बघू.

हात चालतील असं धरून पुढचं सांगते. पुढच्या शनिवारी लिंक तुम्ही पाठवा.

बस्स, एवढंच. गेम तुमच्या लॅपटॉपवर, खिडकीतून हात बाळ्याचा. त्याला आधी नीट सांगून, फसवून नाही: "अरे, माझ्याकडे उशीर लागतोय, बघू तुझ्याकडे किती लागतो. आज मी होस्ट." लॅपटॉपला वायफायऐवजी राऊटरची तार लावा, कारण आता चित्र पाठवायचं काम तुमच्या लाईनचं, आणि पाठवायचा वेग घरोघरी उतरवून घ्यायच्या वेगापेक्षा बहुधा कमीच असतो. चित्र अडखळलं तर त्याचा दर्जा एक पायरी उतरवा. मग बाळ्याला बटाटा मारू द्या. पहिल्या दहा मिनिटांत तो म्हणेल, "माझा कंट्रोलर गंडलाय." म्हणू द्या. विसाव्या मिनिटाला गप्प होईल. त्या शनिवारी तुम्हाला जरा आसुरी आनंद होईल. होऊ द्या, एक शनिवार माणसाने घ्यावा. दुसऱ्या शनिवारी नको.

त्यानंतर आलटून पालटून. एक आठवडा तो होस्ट, एक आठवडा तुम्ही. दोन गेम वेगळे चालतील, दोन ठिकाणी वेगळी प्रगती राहील, चालेल. तुम्ही कुठे स्पर्धेला बसलाय.

आणि ज्याच्या वाटेला उशीर आलाय त्याने कसं खेळायचं, याचे दोन-चार उपाय गेमच्याच दुकानात आहेत. चेसर नावाची गोळी मिळते, ती शत्रूला आपोआप शोधत जाते. मार कमी, पण नेम धरायचा ताप नाही, सगळं लक्ष स्वतःचा जीव वाचवण्यावर. पाहुण्याने ती घ्यावी. यजमानाने जवळ जाऊन जोरात मारणारी स्प्रेड घ्यावी, कारण जोखीम परवडते त्याला. स्मोक बॉम्ब नावाची चीज मिळते, ती घेतली की झटकन सरकताना आपल्याला काही लागत नाही. उशिरा दिसलेल्या संकटातून निसटायला त्याहून चांगलं काही नाही. भूत उठवायची जबाबदारी यजमानाची. यजमानच मेला तर पाहुण्याने हळहळत बसू नये, उरलेला डाव एकट्याने जमेल तितका ओढावा आणि मग नव्याने सुरू करावं. या गेममध्ये पुन्हा सुरू करायला पैसे पडत नाहीत. मेल्यावर तुम्ही किती अंतर गाठलंत त्याची रेघही दाखवतात, ती बघत जा. पाच आठवड्यांत ती रेघ नक्की पुढे सरकली असेल, बाळ्याच्या लक्षात आलं नसलं तरी.

बोलायचं कसं, तेही ठरवा. "मार", "उडी", "आता" हे शब्द बंद, ते पोचेपर्यंत शिळे होतात. पुढचं आधी बोलायचं. तुमच्या त्या फुलाचंच घ्या. ते कधी तोंड लांब करून अंगावर येतं, कधी डोक्याची तोफ करून बिया उधळतं. प्रत्येकाच्या आधी त्याची मुद्रा बदलते, ती ज्याला आधी दिसते त्याने नुसतं नाव घ्यायचं: "तोफ." काय करायचं ते ज्याने त्याने करायचं. शेवटच्या टप्प्यात त्याच्या वेली जमीन व्यापतात आणि तरंगत्या फळ्यांवरच उभं राहावं लागतं. तिथे डावी फळी कोणाची, उजवी कोणाची, हे गेम सुरू व्हायच्या आधीच वाटून घ्या, शेताचे बांध वाटावेत तसं. तुमची अर्धी भांडणं फळीवरूनच झाली असणार, पैज लावते.

तरीही फूल हटलं नाही तर सिंपल नावाची सोपी पातळी आहे. बाळ्या नाक मुरडेल, "ते पोरांचं." त्यात बॉस, म्हणजे फुलासारखा मोठा शत्रू, मारला तर पुढे जायला लागणारा त्याचा करार हाती लागत नाही आणि शेवटच्या सैतानापर्यंत जाता येत नाही, हे खरं. पण सरावाला ती उत्तम आहे. आणि नाक मुरडणाऱ्या बाळ्याला काँट्राची आठवण द्या. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीन लाईफच्या तीस व्हायच्या. तुमच्या कॅसेटवर हे चालायचं की थेट यादीतच तीस लाईफचा गेम वेगळा दिलेला होता, ठाऊक नाही, पण तीन लाईफमध्ये तुम्ही दोघांनी काँट्रा संपवला असं मला कोणी सांगू नये. ही किल्ली पहिल्यांदा घातली काझुहिसा हाशिमोटो या जपानी माणसाने, १९८६ साली, ग्रेडियस या गेममध्ये. का? तर गेम तपासून बघायचं काम त्याच्याकडे आणि त्याला स्वतःलाच तो झेपेना. गेम बनवणाऱ्याला लाज वाटली नाही, तुम्हाला सिंपलची का वाटावी?

कपहेडचाच हट्ट नसेल तर दोन गावांतून खेळायलाच बनवलेले गेमही आहेत. त्यांत दोघांच्या कॉम्प्युटरवर आपापला गेम चालतो, तुमची उडी तुमच्याकडे लगेच उडते, तारेवरून जातो तो नुसता निरोप. माझी शिफारस पोर्टल २. जुना आहे, २०११ चा, त्यामुळे साध्या विंडोज लॅपटॉपवरही चालतो. हातात बंदूक असते, पण ती गोळ्या मारत नाही, भिंतीत दारं पाडते. तुम्ही दोन यंत्रमानव, आणि एकाने कितीही शहाणपणा केला तरी दुसऱ्याने दार पाडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाळ्या तुम्हाला खांद्यावर टाकून नेऊ शकत नाही आणि मागे टाकूही शकत नाही. बोट दाखवून "इथे बघ" म्हणायचं बटणही दिलंय, ओरडावं लागत नाही. लॅपटॉप दणकट असेल तर २०२५ चा स्प्लिट फिक्शन बघा, त्यात एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट सामील होता येतं.

केबलचं झालं. आता जिभेचं.

ऑफिसातल्या मित्रासमोर तुमची जी ओळख करून दिली गेली, तिला केबल जबाबदार नाही. ती बाळ्याची जीभ. हे दोन विषय कृपा करून एकत्र करू नका. एकत्र केलेत तर तो म्हणेल, "अरे हो, नेटचाच घोळ होता," आणि जीभ फुकटात सुटेल. म्हणून ते शनिवारी बोलायचं नाही, गेमच्या कॉलवर तर नाहीच. मधल्या वारी साधा फोन करा. लांबण लावू नका, पाच आठवड्यांचा पाढा वाचू नका, एकच प्रसंग काढा: "त्या दिवशी तू तिसऱ्या माणसासमोर मला जे बोललास ते मला लागलं. आपल्या दोघांत काय वाटेल ते बोल, परक्यासमोर नको." मग गप्प बसा. पहिल्यांदा तो हसण्यावारी नेईल. तुम्ही त्या वेळी हसू नका. मागच्या वेळी हसलात, त्यामुळेच तुम्हाला ते चाललं असं त्याने धरलं. आणि त्याच फोनवर लाईटचंही सांगून टाका. लाईट गेली नव्हती, तुम्ही गेला नव्हतात. बिचाऱ्या लाईटला आपल्याकडे खऱ्याच शिव्या पुरेशा पडतात.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

तुम्ही सही केलीत "दुसरा रिमोट". पण पत्रात लिहिलंय की व्हिडिओ गेम तुमच्या घरचा, वडिलांनी आणलेला, आणि बाळ्या रविवारी यायचा. मग तेव्हा पहिला रिमोट कोणाच्या हातात होता? काँट्रातला निळ्या चड्डीतला बिल कोण, लाल चड्डीतला लान्स कोण? पाहुण्याला पहिला रिमोट देणारा चौथीतला मुलगा मी अजून बघितलेला नाही.

आणि तो धबधबा. तुम्ही लिहिता, बाळ्या हमखास मरायचा. धबधब्याच्या स्टेजला पडदा वर सरकतो. दोघांनी कडेकपारीवरून उड्या मारत चढायचं. जो आधी वर जातो त्याच्यासोबत पडदा वर जातो, आणि जो खाली राहतो त्याच्या पायाखालची फळी पडद्याबाहेर गेली की तो मेला. त्याला गोळी लागलेली नसते, त्याने उडी चुकवलेली नसते. वरचा चढला म्हणून खालचा मेला. दर वेळी बाळ्या मरत असेल, तर दर वेळी वर कोण होतं?

तुम्ही मुद्दाम केलं असं म्हणत नाही. बाळ्या इतक्या वर्षांनी धबधब्याचा सूड घेतोय असं तर मुळीच म्हणत नाही, एवढं दीर्घद्वेषी कोणी नसतं, निदान पोहे खाल्लेल्या घराशी तरी. मी माझ्या दादाचं सांगते. आमच्याकडे धबधब्याला मी मरायचे. माझ्या लाईफ संपल्या की त्याच्यातली एक उसनी घेता यायची, आणि तो प्रत्येक उसनीचा हिशेब ठेवायचा, जेवताना आईसमोर वाचून दाखवायचा. मी चाळिशी ओलांडल्यावर एका दिवाळीला त्याला म्हटलं, "दादा, तू वर पळायचास म्हणून मी मरायचे." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याची प्रामाणिक समजूत होती की मला उडी मारता यायची नाही. वर असलेल्याला आपण पडदा ओढतोय हे कळत नाही, त्याला फक्त खालचा पडताना दिसतो. दादा दुष्ट नव्हता. त्याच्या पडद्यावर सगळं वेळेत चाललं होतं.

बाळ्याच्याही पडद्यावर सगळं वेळेत चाललंय. म्हणून तर म्हटलं, लिंक तुम्ही पाठवा.

धबधब्याचं त्याला विचारा कधीतरी. पहिल्या शनिवारी नको, तेव्हा तो बटाट्याशी झुंजत असेल आणि धडपणे ऐकणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी, फूल मेल्यावर, विचारा: "बाळ्या, धबधब्याला तू मरायचास तेव्हा मी कुठे असायचो रे?" त्याला नेमकं आठवत असेल असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या रिमोटवाल्यांच्या हे लक्षात राहतं.

जाता जाता, व्यवहाराचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरंटोतली घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर तुमचे साडेआठ म्हणजे त्याचे सकाळचे दहा. शनिवारी सकाळी दहा वाजता त्याच्या घरी काय परिस्थिती असते ते त्याला विचारून वेळ ठरवा.

आणि रविवारी बटाटा मारायला मुलीला शेजारी बसवाल तेव्हा कपहेड तिला द्या, मगमन तुम्ही घ्या. थांबवायचं बटणही तिच्या हाताशी असू दे. तिला पाणी प्यायचं असलं तर तिने गेम थांबवावा, तुम्हाला विचारावं लागू नये.

– ताई